बडगामचा जबाब

२७ फेब्रुवारी २०१९ च्या सकाळी काश्मीरमधल्या बडगामला वायुसेनेचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळले. आतले सहा जण गेले आणि जमिनीवर असलेला एक स्थानिक तरुणही गेला. सहांपैकी एक स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. आपल्या नाशिकचे, भोसला सैनिकी शाळेचे विद्यार्थी. १ मार्चला गोदाकाठी त्यांना अखेरचा निरोप द्यायला शहर लोटले होते. हेलिकॉप्टर कशामुळे पडले, हे त्या गर्दीला कोणी सांगितलेले नव्हते.

ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले होते. आदल्या दिवशी बालाकोट झाले होते. त्या सकाळी पाकिस्तानी विमाने नियंत्रण रेषेवर चालून आली होती, आकाशात चकमक चालू होती आणि श्रीनगरच्या तळावर कमालीचा ताण होता. आपलेच हेलिकॉप्टर शत्रूचे समजले गेले आणि त्यावर स्पायडर हे जमिनीवरून हवेत मारा करणारे क्षेपणास्त्र सुटले. वायुसेनाप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी हे जाहीरपणे मान्य केले ते ४ ऑक्टोबर २०१९ रोजी. ही आपली मोठी चूक होती, असे त्यांनी स्वच्छ सांगितले. पदावर येऊन आठवडाही झाला नसताना त्यांनी ते सांगितले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे. पण तोवर सात महिने उलटले होते. त्या सात महिन्यांत लोकसभेची निवडणूक होऊन गेली, प्रचारात बालाकोट गाजले आणि बडगामबद्दल सरकारी पातळीवर कोणी स्पष्ट बोलले नाही.

बडगामची चूक मी समजू शकतो. ते सात महिने समजू शकत नाही. युद्धातल्या अशा प्रसंगांबद्दल बोलताना आपण पहिल्यांदा विचारतो, बटण कोणी दाबले? तो प्रश्न विचारलाच पाहिजे, पण सगळी चर्चा तिथेच अडकते आणि ती तिथे अडकणे बऱ्याच जणांच्या सोयीचे असते. ज्याच्या हातात काही सेकंद होते त्याला आपण धारेवर धरतो. ज्याच्या हातात महिने होते, नियम करण्याचे, यंत्रणा तपासण्याचे, सराव घेण्याचे आणि नंतर खरे काय ते सांगण्याचे, तो सुटतो. माझ्या मते त्याचा जबाब आधी घ्यायला हवा.

हा विषय नाशिकला परका नाही. तोफखान्याचे शिक्षण देणारी सर्वांत मोठी शाळा आपल्या देवळालीत आहे. गांधीनगरला सैन्याचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. ओझरला लढाऊ विमाने बांधली आणि दुरुस्त केली जातात. देवळालीच्या पलीकडच्या गावांना सरावातल्या तोफांचा आवाज रोजचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवळालीला सरावाच्या वेळी तोफगोळ्याचा स्फोट होऊन दोन अग्निवीर दगावले. ती वेगळ्या जातीची दुर्घटना होती, पण प्रश्न तोच उरतो: चौकशीत काय निघाले, हे त्यांच्या आईवडिलांखेरीज आणखी कोणाला कळायला हवे की नको? मला वाटते, हवे. उद्या त्याच तोफेशी दुसऱ्या कोणाची तरी मुले उभी राहणार आहेत.

तोफखान्यात वावरलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गोळा कुठे पडायचा हे एक माणूस ठरवत नाही. पुढे बसलेला निरीक्षक लक्ष्य पाहतो आणि नकाशावरचा ठिकाणा कळवतो. मागे कोणी तरी त्यावरून दिशा आणि उंची काढतो, तोफेवरचे जवान ती लावतात, आणि या प्रत्येक पायरीवर आकडे परत म्हणून दाखवण्याची, दुसऱ्याने तपासण्याची शिस्त असते. चूक झाली तर ती साखळीतल्या एका कडीत दिसते. पण ती कडी तुटेपर्यंत बाकीच्या काय करत होत्या, हे पाहिल्याशिवाय चौकशी पुरी होत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण १४ एप्रिल १९९४ चे आहे. उत्तर इराकच्या आकाशात अमेरिकेच्या दोन एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली. २६ माणसे गेली. दिवस लख्ख होता, युद्ध चालू नव्हते, आणि वर टेहळणीचे अवॅक्स विमान घिरट्या घालत होते. त्या भागात शिरल्यावर मित्र-शत्रू ओळख सांगणाऱ्या यंत्रावर कोणता संकेतांक ठेवायचा, हे हेलिकॉप्टरवाल्यांना माहीत नव्हते. विमाने आणि हेलिकॉप्टरे वेगवेगळ्या रेडिओ लहरींवर बोलत होती. त्यामुळे एकमेकांचा आवाज एकमेकांना ऐकू जाणे शक्यच नव्हते. ही व्यवस्था त्या सकाळची नव्हती. ती कित्येक महिने तशीच चालू होती, आणि रोज काही झाले नाही म्हणून कोणाला खटकली नाही. शेवटी कोर्ट मार्शलपुढे उभा राहिला तो अवॅक्समधला एक कॅप्टन, आणि तोही निर्दोष सुटला. २६ मृत्यूंसाठी शिक्षा झालेला माणूस शोधायला गेलात तर सापडत नाही. जबाबदारी साखळीत वरपर्यंत नेली नाही, की असे होते.

आणखी मागे जाऊ. जुलै १९४४ मध्ये नॉर्मंडीत जर्मन फळी फोडण्यासाठी अमेरिकेने शेकडो बॉम्बफेकी विमाने पाठवली. जमिनीवरचे सेनापती ओमर ब्रॅडली यांना विमाने आघाडीच्या रेषेला समांतर यायला हवी होती, म्हणजे बॉम्ब मागे-पुढे पडला तरी आपल्या सैन्यावर पडणार नाही. विमाने आली ती आपल्याच सैन्याच्या डोक्यावरून, आडवी. २५ जुलैला एका दिवसात १११ अमेरिकी सैनिक स्वतःच्याच बॉम्बांखाली मेले. लेफ्टनंट जनरल लेस्ली मॅकनेअर त्यांच्यात होते. आदल्या दिवशीही असेच बॉम्ब चुकून आपल्या माणसांवर पडले होते आणि तरीही दिशा बदलली नाही. या चुकीचा उगम विमानातल्या कोणा तरुण बॉम्बफेक्यात नाही. तो काही दिवस आधी झालेल्या बैठकीत आहे, जिथे सगळे अधिकारी शांतपणे बसले होते आणि कोणी कोणाचे ऐकून घेतले, कोणी नाही, याची नोंद ठेवता येत होती.

आपल्याकडेही हे १९७१ मध्ये घडले. १० डिसेंबरला खुलन्याजवळ मुक्तिवाहिनीच्या पद्मा आणि पलाश या बोटी आणि आपली आयएनएस पनवेल एकत्र पुढे सरकत होत्या. आपल्याच वायुसेनेच्या विमानांनी त्यांना शत्रू समजून हल्ला केला. पनवेल वाचली, पद्मा आणि पलाश गेल्या. पलाशवरचे रुहुल अमीन त्यात मृत्युमुखी पडले आणि बांगलादेशाने त्यांना बीरश्रेष्ठ हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. ज्या विजयाच्या कथा आपण दर १६ डिसेंबरला सांगतो, त्यांत ही गोष्ट क्वचितच ऐकू येते. ती सांगितल्याने १९७१ चा विजय तसूभरही कमी होत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो घेणारी माणसे बहुधा वर्दीचा मान राखणारी असतात, म्हणून तो नीट ऐकून घ्यायला हवा. ते म्हणतात, युद्धात गोंधळ अटळ आहे. १९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेचे १४८ सैनिक लढाईत पडले, त्यातले ३५ आपल्याच माऱ्यात. एवढे तंत्रज्ञान असलेल्या देशाची ही गत, तर इतरांचे काय? उद्या प्रत्येक निर्णयावर खटला भरणार असाल तर अधिकाऱ्याचे बोट बटणावर थरथरेल आणि खरा शत्रू आत येईल. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागातली भीतीही खोटी नाही. पण तिचा निष्कर्ष उलटा निघायला हवा. बटणावरच्या माणसाला निर्भयपणे निर्णय घेता यावा असे वाटत असेल, तर वरच्यांनी आपापले काम चोख केले होते का, हे तपासलेच पाहिजे. आज होते ते असे, की चौकशी गुप्त राहते, वरचे प्रश्न विचारलेच जात नाहीत, आणि शेवटी एक-दोन मधल्या हुद्द्याच्या अधिकाऱ्यांच्या नावावर सगळे प्रकरण मिटवले जाते. त्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला न्याय येतो असे मला वाटत नाही, आणि मृतांच्या घरच्यांच्या वाट्यालाही नाही.

बडगामचेच पाहा. हेलिकॉप्टरवरची मित्र-शत्रू ओळख सांगणारी यंत्रणा बंद होती, असे बातम्यांतून आले. ती कोणाच्या आदेशाने, कोणत्या नियमाने बंद होती? हवाई चकमक चालू असताना हेलिकॉप्टर हवेत पाठवण्याचा निर्णय कसा झाला? हवेत कोण आहे हे तळावरच्या सगळ्या कक्षांना एकाच वेळी माहीत होते का? एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, कोर्ट मार्शलने श्रीनगर तळाच्या तेव्हाच्या मुख्य संचालन अधिकाऱ्याला, एका ग्रुप कॅप्टनला, बडतर्फ करण्याची शिक्षा सुचवल्याच्या बातम्या आल्या. प्रकरण उच्च न्यायालयातही गेलेले होते. तो अधिकारी दोषी आहे की नाही हे मी सांगू शकत नाही आणि सांगूही नये. पण वरच्या तीन प्रश्नांची उत्तरे देणारा अहवाल नागरिकांसमोर कधी आला नाही, एवढे मी ठामपणे सांगू शकतो.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. अशा गोष्टी उघड केल्या तर शत्रूला फायदा होतो, म्हणतात. बडगामच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकत नाही. ते हेलिकॉप्टर पाकिस्तानने पाडलेले नाही, हे पाकिस्तानला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते फक्त आपल्या लोकांना. रडारचे बारकावे, क्षेपणास्त्राची क्षमता, संकेतांक, हे सगळे खुशाल गुप्त ठेवा. मारा कोणाचा होता आणि साखळीची कोणती कडी तुटली, हे सांगायला त्यातले काहीच उघड करावे लागत नाही.

आणि सांगता येते, हेही आपण पाहिले आहे. ९ मार्च २०२२ ला आपले एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. सुदैवाने कोणी मेले नाही. ११ मार्चला सरकारने चूक मान्य केली आणि २३ ऑगस्टला वायुसेनेच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. कबुली दोन दिवसांत, कारवाई साडेपाच महिन्यांत. मग बडगामला सात महिने आणि चार वर्षे का लागली? मला एकच फरक दिसतो. मियाँ चन्नूबद्दल दुसरा देश विचारत होता. बडगामबद्दल विचारणारी घरे आपलीच होती. परक्याला दिलेले उत्तर आपल्या माणसाला देताना आपण इतका वेळ लावावा, हे मला मनापासून टोचते.

दक्षिण कोरियात ६ मार्च २०२५ ला सरावादरम्यान दोन केएफ-१६ विमानांनी पोचॉनच्या वस्तीवर आठ बॉम्ब टाकले. अनेक नागरिक जखमी झाले. वैमानिकाने लक्ष्याचा ठिकाणा चुकीचा भरला होता आणि तो तपासण्याच्या संधी वाया गेल्या होत्या. हे वायुसेनेने चार दिवसांत देशाला सांगितले, वायुसेनाप्रमुखांनी कॅमेऱ्यासमोर माफी मागितली आणि वैमानिकांच्या वरच्या दोन तुकडीप्रमुखांना पदावरून दूर केले. युद्धाच्या छायेत राहणारा देश आहे तो. पलीकडे उत्तर कोरिया बसला आहे. तरी त्यांना बोलता आले.

इंग्लंडात तर याहून पुढची गोष्ट घडली. मार्च २००३ मध्ये इराकमध्ये अमेरिकी ए-१० विमानांनी ब्रिटिश ताफ्यावर हल्ला केला आणि एक ब्रिटिश जवान मेला. त्याच्या मृत्यूची चौकशी तिथल्या साध्या नागरी पद्धतीने, कॉरोनरपुढे, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे, उघड्यावर झाली. कॉकपिटमधली चित्रफीत द्यायला सरकारने टाळाटाळ केली, ती वृत्तपत्रातून बाहेर आली, आणि मार्च २००७ मध्ये कॉरोनरने हा मृत्यू बेकायदेशीर ठरवला. त्याने अमेरिकी वैमानिकांना शिक्षा झाली नाही. होणारही नव्हती. पण त्या घराला खरे काय झाले ते एका सरकारी माणसाने, उघड सुनावणीत, कागदावर दिले. आपल्या मुंबईतही १९९९ पर्यंत कॉरोनर होता. ते पद गेले आणि अशा मृत्यूंची चौकशी पोलीस आणि दंडाधिकारी यांच्याकडे गेली.

आपल्याकडे कायद्यात मुभा नाही, असेही नाही. लष्कराच्या नियमांतला १८२ वा नियम सांगतो, की कोर्ट ऑफ इन्क्वायरीपुढे, म्हणजे सैन्याच्या चौकशी मंडळापुढे, दिलेली जबानी पुढे सर्वसाधारणपणे पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे 'काय घडले ते शोधणे' आणि 'कोणाला शिक्षा करायची ते ठरवणे' या दोन गोष्टी आपल्या सैनिकी कायद्याने आधीच वेगळ्या ठेवल्या आहेत. मग पहिल्या गोष्टीचा सारांश जाहीर करायला अडचण कुठे आहे? नागरी विमानांत आपण हे करतो. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचे विमान पडले आणि एका महिन्यात प्राथमिक अहवाल सगळ्या जगाला वाचायला मिळाला. त्यावर वाद झाले, होऊ देत. वाद घालायला हातात कागद तरी होता. याउलट जनरल बिपिन रावत यांच्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत पाहा. डिसेंबर २०२१ च्या त्या अपघातात वैमानिकांकडून चूक झाल्याची नोंद लोकांपुढे नीट आली ती तीन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, संरक्षणविषयक संसदीय स्थायी समितीच्या अहवालातल्या एका तक्त्यातून. देशाच्या पहिल्या संरक्षणप्रमुखांच्या मृत्यूची ही कथा, तर साध्या जवानाच्या घरच्यांनी कोणाकडे पाहायचे?

आतापर्यंत मी बहुतेक वर्दीतल्या मृतांबद्दल बोललो. बडगामला मेलेला सातवा माणूस वर्दीत नव्हता. त्याच्यासाठी गोदाकाठी किंवा आणखी कुठे बंदुकांच्या फैरींची सलामी झाली नाही, आणि या घटनेबद्दल बोलताना आपल्यातले बरेच जण 'सहा जण' म्हणून थांबतात. चुकीच्या माऱ्यात नागरिक मेला की जबाबदारीची साखळी आणखीच सैल होते. ४ डिसेंबर २०२१ ला नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंगजवळ कोळशाच्या खाणीतून घरी निघालेल्या मजुरांच्या गाडीवर लष्कराच्या विशेष पथकाने अतिरेकी समजून गोळीबार केला. सहा मजूर गेले, त्यानंतरच्या संतापात आणखी माणसे गेली, एक जवानही. चुकीच्या ओळखीतून हे झाले, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. राज्याच्या विशेष पथकाने ३० सैनिकांविरुद्ध आरोपपत्र ठेवले. खटल्याला केंद्राची परवानगी लागते, ती २०२३ मध्ये नाकारली गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते प्रकरण बंद करावे लागले. सैनिकांना संरक्षण असावे, याला माझा विरोध नाही. पण परवानगी नाकारणारे सरकार त्या कुटुंबांना दुसरा कोणता रस्ता दाखवते? खटला नको असेल तर उघड चौकशी द्या. दोन्ही नको म्हणणे मला मान्य नाही.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. अफगाणिस्तानात कुंदुझच्या रुग्णालयावर ३ ऑक्टोबर २०१५ ला अमेरिकी विमानाने केलेल्या माऱ्यात ४२ माणसे मेली. १६ जणांवर खात्यांतर्गत कारवाई झाली, फौजदारी कोणावरच नाही. काबूलमध्ये ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन हल्ल्यात दहा निरपराध गेले, त्यात सात मुले. त्यात तर कोणालाच शिक्षा नाही. पण या दोन्ही ठिकाणी सैन्याने निदान चूक आपली होती हे मान्य केले आणि चौकशीत काय आढळले ते लोकांना कळले. मला तेवढेच पुरेसे वाटत नाही. पण आपण अजून तिथवरही पोचलेलो नाही.

नाशिक आणि दिंडोरी या आपल्या दोन्ही लोकसभा मतदारसंघांत लष्करी आणि विमानबांधणीच्या संस्था आहेत. या भागातून सैन्यात जाणाऱ्या मुलांची परंपरा मोठी आहे. म्हणून आपल्या खासदारांनी, पक्ष कोणताही असो, संसदेत हे विचारावे अशी माझी मागणी आहे. आपल्याच माऱ्यात किंवा सरावात माणूस दगावला, तर त्याच्या कुटुंबाला कारण लेखी कळवण्याची मुदत किती? ती तीस दिवसांची का नसावी? चौकशीचा, गुप्त तपशील गाळलेला, सारांश स्थायी समितीमार्फत एका वर्षात जाहीर करण्याचा नियम का नाही? चौकशी मंडळात, ज्या तळावर घटना घडली त्याच्या साखळीबाहेरचा निदान एक सदस्य असण्याची सक्ती का नाही? वर्दीत नसलेला माणूस मेला तर त्याच्या घरच्यांनी भरपाईसाठी नेमके कोणत्या कार्यालयात अर्ज करायचा, आणि तो अर्ज फेटाळला तर अपील कुठे? आणि बडगामच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा सारांश सरकार कोणत्या तारखेपर्यंत सभागृहापुढे ठेवणार आहे?